भैरू तीन शिफ्टमध्ये

ज्या वर्षी आमच्या नातीचं, श्रद्धाचं लग्न झालं आणि थेरगावच्या कार्यालयात पंगत अर्ध्यावर असताना मठ्ठा संपला, त्या वर्षाची ही गोष्ट. म्हणजे दोन हजार तेवीस. मठ्ठ्याचा आणि या गोष्टीचा काही संबंध नाही, पण आमच्याकडे त्या वर्षाला अजून मठ्ठ्याचं वर्षच म्हणतात, म्हणून सांगितलं.

चिखलीत आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक खोली आहे. बिल्डरने ती कशासाठी काढली ते त्यालाच माहीत. तिथे तिसऱ्या मजल्यावरची मैत्री आयटीतून घरी आली की आम्हा म्हाताऱ्यांचा अक्षरवर्ग घ्यायची. सुरुवातीला वर्ग चांगला भरायचा. मग कोणाचे गुडघे, कोणाची मालिका, कोणाचा नातू असं होत होत तिघं उरलो. मी, आमचे ज्ञानदेव आणि पहिल्या मजल्यावरचे कोंडीराम. ज्ञानदेव प्रेस शॉपला होते, कोंडीराम फोर्जिंगला आणि मी कंपनीच्या कॅन्टीनला पोळ्या लाटायला. तिघांनी सगळी नोकरी अंगठ्यावर काढली आणि रिटायर झाल्यावर बाराखडीला लागलो.

त्या खोलीचं मला फार होतं. घरात मी आजी, दारात मी आयुषची आई, भाजीवाल्यासाठी मी मावशी. त्या खोलीत मात्र मैत्री हजेरी घेताना "कस्तुरा" म्हणायची आणि मी "हजर" म्हणायचे. एवढंच. पण एवढ्यासाठी मी दुपारीच वेणी घालून बसायचे.

आणि नेमकी तीच खोली दादासाहेबांना हवी झाली. दादासाहेब आमचे चेअरमन. हल्ली माणसं घरबसल्या कढईसुद्धा मागवतात, त्यामुळे गेटवर खोक्यांचा डोंगर आणि डोंगराच्या मागे कुठेतरी वॉचमन, अशी स्थिती झाली होती. दादासाहेबांनी ठरवलं की खोली पार्सलला द्यायची. आम्हाला गाठून त्यांनी आधी चौकशी केली.

"मावशी, तिथं तुम्ही करता काय?"

"वाचतो."

"काय वाचता?"

"धडा."

"कितवा?"

"दुसरा."

"दोन वर्षं झाली की वर्ग चालू होऊन."

"दुसरा मोठा आहे," ज्ञानदेव म्हणाले.

दादासाहेबांनी एक नजर आमच्यावर टाकली, एक खोक्यांवर. "पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी कमिटी येईल. तुम्ही खरंच वाचता हे दाखवा. नाहीतर सोमवारपासून तिथं पार्सल."

मैत्रीला हे सांगितलं तर ती घाबरली नाही. म्हणाली, "धडा वाचून नाही दाखवायचा. प्रत्येकाने घरी आपापलं एक पुस्तक वाचायचं, एकट्याने. आणि रविवारी सगळ्यांसमोर सांगायचं, वाचताना तुम्हाला काय वाटलं ते."

"काय वाटलं म्हणजे?" कोंडीरामांनी विचारलं.

"राग आला, हसू आलं, पटलं, नाही पटलं. कोणी वेगळं बोललं तर त्याच्याशी वाद घालायचा."

"वाद घालायला वाचायला कशाला लागतंय?" कोंडीराम म्हणाले. माणूस बीडकडचा, अंगाने आडवा, पण आवाज असा मऊ की भांडतानासुद्धा विचारपूस करतोय असं वाटायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. चिखलीतच पुतण्याचं, सुजितचं लहानसं वर्कशॉप होतं, तिथे जाऊन बसायचे.

आता पुस्तकं आणायची कुठून? आमच्या घरी वाचण्यासारखं म्हणजे श्रद्धाची लग्नपत्रिका, आणि ती मला पाठ झाली होती. म्हणून तिघंही बसने वाचनालयात गेलो. शेजारच्या सुमनताई वाट दाखवायला म्हणून आल्या. त्यांना वाट माहीत नव्हती, पण सल्ला देण्यासाठी सोबत लागते. बसमध्ये त्यांनी सांगितलं की वाचण्याआधी भिजवलेले बदाम खावेत, पुस्तकात कडुलिंबाचा पाला ठेवावा आणि कमिटीसमोर बोलताना माणसांकडे न बघता पंख्याकडे बघावं. सुमनताई स्वतः काही वाचत नाहीत, डोळे खराब होतात म्हणून.

वाचनालयातला कारकून माणूस बरा होता, पण नियमाला धरून होता. सभासद व्हायचं तर पत्त्याचा पुरावा हवा. कोंडीरामांच्या आधारवर अजून गावचा पत्ता. ज्ञानदेवांचा फोटो त्यांच्यासारखा दिसत नाही म्हणे. तो खरंच दिसत नाही. फोटो काढायच्या दिवशी त्यांची दाढ दुखत होती आणि गाल सुजला होता, तो सुजलेला गाल आता सरकारदरबारी कायमचा झाला आहे. राहिले मी. माझे कागद बरोबर निघाले. मग अर्जात रकाना आला, शिक्षण.

"काय लिहू?" मी विचारलं.

"झालं असेल ते."

"झालं नाही. चालू आहे."

"मग शेवटची पास परीक्षा लिहा."

"पास काहीच नाही."

कारकुनाने चष्मा काढला. "आजी, मग पुस्तक कोणासाठी?"

हा घाव मी आजवर विसरले नाही. मी त्याच्याच पेनने, त्याच्याच डोळ्यांसमोर, रकान्यात "चालू" असं लिहिलं. लू दीर्घ काढला. त्याने तो बघितला, आणि शिक्का मारला.

एका सभासदाला एकच पुस्तक. तीन माणसं, पुस्तक एक. एकच मिळणार तर जाड घ्यावं, असा मी विचार केला आणि कपाटातलं सगळ्यात जाड ओढलं. कलिंगड घेतानाही मी हेच करते. पुस्तकाचं पुठ्ठ्यासकट पहिलं पान गेलेलं, त्यामुळे त्याचं नाव काय, लिहिलं कोणी, हे आम्हाला कधीच कळलं नाही. गोष्ट भैरू नावाच्या विहिरी खोदणाऱ्या माणसाची होती, म्हणून आम्ही त्याला भैरूचं पुस्तक म्हणायचो.

आमचा वाचायचा वेग म्हणजे एका पानात डाळ शिजते. एकाने पुरं करून दुसऱ्याला द्यायचं तर कमिटी दिवाळीपर्यंत थांबायला हवी होती. तेव्हा ज्ञानदेव बोलले. नोकरीत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, त्याचा वचपा ते आता काढतात.

"मशीन एक आणि माणसं तीन, तर कंपनी काय करते?"

"काय करते?"

"शिफ्ट लावते. सकाळी कोंडीराम, दुपारी कस्तुरा, संध्याकाळी मी."

पहिल्याच दिवशी ही योजना बंद पडली. कोंडीराम सकाळी पुस्तक घेऊन गेले ते दुपारी आलेच नाहीत. मी खाली जाऊन दार वाजवलं. आतून आवाज आला, "वहिनी, जरा ओव्हरटाइम चाललाय. भैरूला पाणी लागतंय." संध्याकाळ झाली तरी पाणी लागेना. ज्ञानदेव जिन्यात उभे राहून वाट बघत बसले आणि मी त्यांची वाट बघत बसले.

दुसऱ्या दिवशी ज्ञानदेवांनी ब्लेडने पुस्तकाची शिलाई उसवली आणि त्याचे तीन भाग केले. पहिला कोंडीरामांना, मधला मला, शेवटचा स्वतःला. मी म्हणाले, "अहो, वाचनालयाचं आहे." ते म्हणाले, "काम झालं की असेंबली करून देऊ." पहिल्या भागात काय झालं हे दुसऱ्याला कसं कळणार, तर त्यावरही उत्तर तयार होतं. शिफ्ट बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला तोंडी सांगतो, मशीन कसं आहे ते. तसं कोंडीराम मला सांगतील, मी ज्ञानदेवांना सांगेन. हँडओव्हर.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हँडओव्हरला कोणी खरं सांगत नाही. सांगितलं तर थांबावं लागतं आणि बस चुकते. बेल्ट तुटलेला असो, तेल गळत असो, जाणारा माणूस टॉवेल खांद्यावर टाकून म्हणतो, "ओके आहे." आणि पुढे मशीन बंद पडलं की म्हणतो, "माझ्या शिफ्टला असं काही झालं नाही." आयुष्यभराची सवय. कोंडीरामांनी गेटजवळच्या बाकावर मला हँडओव्हर दिला.

"भैरू चांगला माणूस हाय वहिनी. ओके हाय सगळं."

"अजून?"

"पाणी लागलं की पयली ओंजळ बायकोला देतो. बस."

या भरवशावर मी मधला भाग उघडला. आणि काय सांगू, पाचव्या पानावर हा चांगला माणूस बायकोला सातवा महिना असताना एसटीत बसला आणि दुसऱ्या गावी जाऊन दुसरीबरोबर राहिला. पोळी तव्यावर करपली तरी मला कळलं नाही. त्या रात्री ज्ञानदेवांना मी वाढलं नाही, ताट सरकवलं.

"मी काय केलं?" ते म्हणाले.

"तुम्ही सगळे सारखेच."

"भैरूचं माझ्यावर काढू नकोस. माझ्याकडे तो म्हातारा झालाय, पार खंगलाय. दया येते."

"दया? त्याची?"

"तुझ्या शिफ्टचं मला माहीत नाही. तू हँडओव्हरला ओके म्हणालीस."

मी म्हणाले होते खरं. मालिका सुरू व्हायची होती.

शनिवारी कोंडीराम तिन्ही भाग घेऊन सुजितच्या वर्कशॉपला गेले आणि संध्याकाळी पुस्तक घेऊन आले. वाचनालयाची वस्तू, खराब काम करायचं नाही म्हणून त्यांनी ड्रिलने तीन भोकं पाडून, वॉशर टाकून नट-बोल्ट आवळले होते. वर पत्र्याचा पुठ्ठा. पुस्तक टेबलावर ठेवलं तर ठण्ण वाजलं.

"आता शंभर वर्षं पान हलत न्हाई," ते म्हणाले. मला तर ते बघून भरून आलं. ज्ञानदेवांनी नट हाताने फिरवून बघितला आणि मान हलवली. आमच्याकडे पसंती अशीच देतात.

रविवार उजाडला. खोलीत आधीच चार खोकी येऊन बसली होती, जागा धरायला आल्यासारखी. दादासाहेब, कमिटीची मंडळी, दादासाहेबांच्या मिसेस, सुमनताई, दारात वॉचमन. मैत्रीने पुस्तक बघितलं, बोल्टांवरून बोट फिरवलं. मग हळूच मला म्हणाली, "आजी, पुस्तकाला बोल्ट का आहेत?" मी म्हणाले, "नंतर सांगते." मग तिने विचारलं, "बाकीची दोन पुस्तकं?" मी पंख्याकडे बघितलं.

पहिले कोंडीराम उठले. म्हणाले, भैरू त्यांना फार आवडला. असा माणूस गावात असेल तर गावाला पाण्याची चिंता नाही आणि बायकोलाही कसली चिंता नाही.

मग मी. सुमनताईंचा पंखा मी विसरले. सरळ कोंडीरामांकडे बघून म्हणाले, "भैरूसारखा हलकट माणूस मी बघितला नाही. पोटुशी बायको टाकून गेला. मला इतका राग आला की पुस्तक भिंतीवर मारणार होते, पण वाचनालयाचं होतं."

कोंडीराम उभेच राहिले. "वहिनी, कोण टाकून गेला?"

"तुमचा भैरू."

"माझ्या शिफ्टला असं काही झालं न्हाई."

"माझ्या शिफ्टला झालं."

मैत्री म्हणाली, "शिफ्ट म्हणजे?"

तेवढ्यात ज्ञानदेव कोणी न विचारताच उठले. "दोघांचंही बरोबर आहे. पण शेवटी माणूस पस्तावला, परत आला, गावासाठी विहीर खोदली. मला वाईट वाटलं त्याचं."

आता दादासाहेबांना शंका आली. त्यांनी पुस्तक ओढलं, मध्येच उघडलं आणि मोठ्याने वाचलं. विहिरीला पाणी लागलं आणि भैरूने तिथेच, ओल्या मातीवर, शेवटचा श्वास घेतला. दादासाहेबांनी पुढची चार-पाच पानं उलटली. तिथे भैरू एसटीत बसून शेंगदाणे खात होता.

"मेल्यावर हा गाडीत कसा बसला?"

ज्ञानदेवांनी पुस्तक निरखलं. "असेंबलीत गडबड झाली. तिसरा भाग दुसऱ्याच्या आधी बसला."

मग सगळं बाहेर आलं. ब्लेड, शिफ्ट, वर्कशॉप. मैत्रीने डोक्याला हात लावला. दादासाहेब उभे राहिले. "म्हणजे तिघांत मिळून एक पुस्तक, आणि पूर्ण कोणीच वाचलेलं नाही. मावशी, माझा नाइलाज आहे. खोकी आत घ्या रे."

वॉचमनने एक खोकं उचललंसुद्धा. मला वाटलं, गेली खोली. उद्यापासून मला कस्तुरा कोण म्हणणार? आणि मला रडू यायच्या ऐवजी पुन्हा भैरूचाच राग आला.

"न्या खोली," मी म्हणाले. "पण एक सांगते. अर्धंमुर्धं वाचलं असेल, पण त्या बाईला काय वाटलं असेल ते मला कळलंय. तो परत आला तेव्हा तिने त्याला दारात उभं करायला नको होतं. हे मी कमिटीसमोर सांगते."

"का नको?" दादासाहेब दारातूनच म्हणाले. "पस्तावला होता ना माणूस? एक संधी तर द्यायला पाहिजे."

"दिली असती का तुम्ही?" सुमनताईंनी विचारलं.

"दिली असती."

मागून त्यांच्या मिसेस शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला मिळणार नाही हं."

खोलीत असा हशा झाला की वॉचमनने खोकं खाली ठेवलं. मग तोही म्हणाला की त्याच्या गावाकडे असा एक जण परत आला होता आणि बायकोने त्याला गोठ्यात झोपवलं. कमिटीतले एक जण म्हणाले, गोठा हा योग्य मार्ग आहे. दुसरे म्हणाले, बाळाचं काय झालं ते आधी सांगा. ज्ञानदेव म्हणाले, बाळ मोठं झालं, तेच बापाला विहिरीतून वर काढतं. दादासाहेबांना ते पटेना, ते म्हणाले, दाखवा कुठे लिहिलंय. भाग ओळीने लावायचे तर बोल्ट काढायला हवे, म्हणून पाना शोधायला धावाधाव झाली, मग कोणीतरी पाना आणला, आणि चेअरमन स्वतः खाली मांडी घालून बोल्ट सोडवायला बसले. दुपारची जेवणं थंड झाली. घरून फोन येत होते, कोणी उचलत नव्हतं. कोंडीराम एकटेच मधूनमधून म्हणत होते, "मला काय ते पटत न्हाई. माझ्या शिफ्टला जिवंत होता."

शेवटी मैत्री खुर्चीवर चढून म्हणाली, "पुढच्या रविवारी. सगळ्यांनी वाचून यायचं. पहिल्या पानापासून, ओळीने."

"आणि खोली?" मी विचारलं.

दादासाहेब मधला भाग काखेत मारून उभे होते. त्यांनी खोक्यांकडे बघितलं, मिसेसकडे बघितलं. "भैरूचा निकाल लागेपर्यंत खोलीचा निकाल नाही."

भैरूचा निकाल अजून लागलेला नाही. पार्सलं जिन्याखाली असतात. वर्गात आता बसायला लवकर यावं लागतं आणि हजेरीला दादासाहेबही "हजर" म्हणतात, जरा खालच्या आवाजात.

पुस्तक परत करायला गेले तेव्हा कारकुनाने ते दोन्ही हातांनी तोललं आणि म्हणाला, "हे इथे जमा होत नाही, भंगारात जमा होतं." भरपाई घेतली आणि पुस्तक आम्हालाच दिलं. मग माझ्या कार्डाकडे बघून त्याने विचारलं, "आजी, शिक्षण?" मी म्हणाले, "चालू." त्याने मला दुसरं पुस्तक दिलं. बारीक दिलं.

भैरूचं पुस्तक कोंडीरामांनी नेलं, म्हणजे दोन भाग नेले. तिसरा आमच्या फळीवर ठेवून गेले. मी म्हणाले, हाही घ्या. ते म्हणाले, "ती माझी शिफ्ट न्हाई वहिनी." मधला भाग त्यांनी वर्षभर वाचला. एका रविवारी ते वर्गात काहीच बोलले नाहीत. नंतर बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले. मला कळलं की ते एसटीच्या पानापर्यंत पोचले होते.

"चुकलंच त्याचं," ते म्हणाले.

"चुकलं."

"पण पयली ओंजळ दिली होती त्यानं. ती काय खोटी न्हवती."

आत वॉचमन खुर्च्या लावत होता. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "पुढं कसं हाय मशीन?"

मी पदर खांद्यावर टाकला. "ओके आहे."

ते हसले. हँडओव्हरला ओके म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

कोंडीराम दोन हजार पंचवीसच्या जानेवारीत, तेरा तारखेला, भोगीच्या दिवशी सकाळी वारले. आदल्या दिवशी रविवार होता, ते वर्गाला आले होते आणि दादासाहेबांशी वाद घालून गेले होते. त्यांच्या शिफ्टला भैरू तेव्हा जिवंत होता.